एक पेसो, पाच ग्रॅम, चाळीस टक्के

१ जानेवारी २०१४ या एकाच दिवशी दोन देशांनी एकाच वस्तूबद्दल उलट निर्णय अमलात आणले. डेन्मार्कमध्ये शीतपेयांवरचा कर १९३० च्या दशकापासून चालत आला होता. लोक गाड्या काढून सीमेपलीकडे जर्मनीत जायचे आणि तिथून स्वस्तात क्रेटच्या क्रेट भरून आणायचे. हे थांबेना, तेव्हा सरकारने तो कर त्या दिवसापासून रद्द केला. त्याच दिवशी मेक्सिकोने साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. तेव्हाच्या विनिमयदराने एक पेसो म्हणजे साधारण साडेचार रुपये, पेयाच्या किमतीच्या जेमतेम दहा टक्के.

या एका पेसोतून पहिल्या वर्षी सुमारे १८ अब्ज पेसो जमले. कर लिटरमागे एक पेसो असल्यामुळे वेगळे गणित करायला नको, जितके पेसो तितके लिटर. १,८०० कोटी लिटर. रात्रंदिवस, वर्षभर, दर सेकंदाला ५७० लिटर. देशाची लोकसंख्या बारा कोटींच्या आसपास, म्हणजे तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दीडशे लिटर. कोलाच्या एका लिटरमध्ये १०६ ग्रॅम साखर असते. आपण सगळ्या पेयांसाठी १०० ग्रॅम धरू. तरीही १८ लाख टन साखर होते, माणशी १५ किलो, आणि हे फक्त बाटलीतून पोटात गेलेले. मिठाई, केक, चहा-कॉफी वेगळी.

असा देश आजारी पडणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. २०१२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहापैकी सात प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि मधुमेहाने वर्षाला ८० हजारांहून अधिक माणसे दगावत होती.

कर लागल्यावर काय झाले, याचा हिशेब कुएर्नावाकाची राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतले नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या संशोधकांनी शहरी कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदींवरून मांडला. पहिल्या वर्षी करपात्र पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, डिसेंबर येईपर्यंत ती घट १२ टक्क्यांवर गेली. सर्वांत गरीब घरांमध्ये डिसेंबरची घट १७ टक्के होती. कर नसलेल्या पेयांची खरेदी ४ टक्क्यांनी वाढली, त्यात मोठा वाटा साध्या बाटलीबंद पाण्याचा. दुसऱ्या वर्षी लोक पुन्हा जुन्या सवयीवर जातील अशी भीती होती. दुसऱ्या वर्षी घट ९.७ टक्के झाली.

आता ती पहिल्या वर्षाची ६ टक्क्यांची घट माणशी रोजच्या मापात बघा. ती आहे १२ मिलिलिटर. औषधाचे अडीच चमचे. कुठल्याही घरात, कुठल्याही जेवणाच्या टेबलावर एवढा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. पण त्याला बारा कोटींनी गुणा. दिवसाला १४ लाख ४० हजार लिटर, वर्षाला ५२ कोटी लिटर, त्यातून वगळली गेलेली साखर ५२ हजार टन. अभ्यास शहरांपुरता होता, त्यामुळे हा गुणाकार केवळ आवाका कळावा म्हणून. तरी तो करून पाहिल्याशिवाय या धोरणाची ताकद कळत नाही. डॉक्टर समोरच्या रोग्याला सांगतो की बाटली सोड. दहांतला एखादा सोडतो. कर कोणालाच काही सोडायला सांगत नाही. तो कोट्यवधी हातांना दुकानात क्षणभर थबकायला लावतो, आणि तेवढ्याने हजारो टनांचा फरक पडतो. ‘खाण्यापिण्याचा संयम ज्याने त्याने पाळावा’ हा युक्तिवाद मला याच कारणाने अपुरा वाटतो. संयम एकेकट्या माणसाचा असतो, आणि समोर उभी असलेली व्यवस्था सेकंदाला ५७० लिटर ओतणारी असते.

हा पेसो सहजासहजी आला नव्हता. २००० ते २००६ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष असलेले व्हिसेंते फॉक्स त्याआधी कोका-कोलाच्या मेक्सिकोतल्या कारभाराचे प्रमुख होते. उद्योगाचे वजन किती असेल याची कल्पना त्यावरून यावी. सिनेटर मार्सेला तोरेस पेइंबर्त यांनी डिसेंबर २०१२ मध्ये लिटरमागे दोन पेसोंचा, म्हणजे वीस टक्क्यांच्या कराचा प्रस्ताव मांडला. अलेहांद्रो काल्वियो यांच्या ‘एल पोदेर देल कोन्सुमिदोर’ या ग्राहक संघटनेने आणि सोबतच्या गटांनी मोहीम उभारली, तिला न्यूयॉर्कच्या ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या संस्थेचा पैसा मिळाला. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत फलक झळकले. ६०० मिलीच्या बाटलीत बारा चमचे साखर असते, एवढे चमचे तुम्ही मुलाला भरवाल का, मग ही बाटली का देता, असा त्यांचा प्रश्न होता. टक्के, कॅलरी, ग्रॅम हे सगळे बाजूला ठेवून त्यांनी चमचे मोजले. मला या मोहिमेतली सर्वांत शहाणी गोष्ट तीच वाटते.

तरीही निर्णय झाला तो तिजोरीच्या गरजेमुळे. तेलाच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या सरकारला नवे कर हवे होते. सप्टेंबर २०१३ मध्ये एन्रिके पेन्या निएतो यांच्या सरकारने करसुधारणांचे मोठे पॅकेज आणले, त्यात हा कर होता, पण मागणीच्या निम्मा. ऑक्टोबरअखेर संसदेने तो मंजूर केला. शाळांमध्ये पिण्याच्या पाण्याची सोय करण्याचे आश्वासन कायद्यात घातले गेले, पण या कराचा पैसा त्यासाठी वेगळ्या खात्यात बांधून ठेवला नाही. ज्या गावात नळाचे पाणी पिण्याजोगे नाही तिथे कोलाऐवजी काय प्यायचे हा प्रश्न आईबापांनी विचारला तर तो रास्त आहे, आणि या कराची ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते.

पुढेही लढाई संपली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहाने, १०० मिलीत ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी साखर असलेल्या पेयांचा कर निम्मा करण्याचे ठरवले. सिनेटने ते फेटाळले. २०१६ मध्ये कर दुप्पट करण्याची मागणी सुरू होती, तेव्हा काल्वियो, संशोधक सिमोन बार्केरा आणि आणखी एक कार्यकर्ता यांच्या फोनवर विचित्र संदेश येऊ लागले. बार्केरा यांना आलेल्या एका संदेशात त्यांच्या मुलीला गंभीर अपघात झाल्याचे लिहिले होते आणि खाली एक लिंक होती. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तपासले, तेव्हा ती लिंक पेगॅसस या हेरगिरीच्या प्रणालीपर्यंत जाणारी निघाली. साखरेवर संशोधन करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये शिरण्यासाठी असले हत्यार वापरले गेले! लिटरमागच्या एका पेसोचे मोल कोणाला किती वाटत होते, हे यापेक्षा स्पष्ट कुठला आकडा सांगेल?

कर महागाईशी जोडलेला होता म्हणून तो विरघळून गेला नाही. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण ठराविक रकमेच्या करांचे भवितव्य यावरच ठरते. भाव वाढत राहिले आणि पेसो एकच राहिला तर दहा वर्षांत कर असून नसल्यासारखा होतो. मेक्सिकोचा दर चढत चढत २०२५ मध्ये १.६४ पेसोंवर आला आणि २०२६ पासून तो एकदम ३.०८ पेसो झाला. साखरेऐवजी कृत्रिम गोडवा असलेल्या पेयांवरही प्रथमच दीड पेसो लागला.

मेक्सिकोच्या करात एक पोकळी मात्र पहिल्यापासून होती. तो लिटर मोजतो. १०० मिलीत ६ ग्रॅम साखर असो की १२, कर तोच. मग कंपनीने साखर कमी करायची कशासाठी? ब्रिटनने नेमकी इथून सुरुवात केली.

१६ मार्च २०१६ रोजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी संसदेत शीतपेय उद्योगावरचा अधिभार जाहीर केला. १०० मिलीत ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य. ५ ते ८ ग्रॅम असेल तर सुरुवातीला लिटरला १८ पेन्स. ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स. निव्वळ फळांचा रस आणि दुधाची पेये वगळली, वर्षाला दहा लाख लिटरपेक्षा कमी माल काढणारे छोटे उत्पादकही वगळले. आणि अंमल ६ एप्रिल २०१८ पासून, म्हणजे जाहीर केल्यानंतर दोन वर्षांनी.

ही दोन वर्षे म्हणजे या धोरणाचा आत्मा. त्या काळात प्रयोगशाळांमध्ये रात्रीचे दिवस झाले. स्कॉटलंडच्या लाडक्या आयर्न-ब्रूची साखर १०० मिलीला १०.३ ग्रॅमवरून ४.७ ग्रॅमवर आली, तेव्हा तिथल्या लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचा घरात साठा केला. ल्युकोझेड, रायबिना हेही पाचच्या खाली उतरले. कोका-कोलाने मूळ कोलाला हात लावला नाही आणि कर भरायचे ठरवले. कर लागू होण्याआधीच, ब्रिटिश अर्थखात्याच्या हिशेबाने, वर्षाला साडेचार कोटी किलो साखर बाटल्यांमधून गायब झाली होती. ४५ हजार टन. साडेचार लाख टन ऊस गाळणाऱ्या आणि दहा टक्के उतारा मिळवणाऱ्या आपल्याकडच्या एखाद्या सहकारी कारखान्याचा अख्खा हंगाम तेवढाच असतो. एक हंगामभर पडलेली साखरेची पोती लोकांच्या पोटात गेलीच नाहीत, आणि त्यासाठी तोवर एक पेनीसुद्धा वसूल झालेली नव्हती.

अर्थखात्याने सुरुवातीला पहिल्या वर्षी ५२ कोटी पौंड जमतील असे धरले होते. जमले सुमारे २४ कोटी. सरकारी वसुली निम्म्यावर आली की एरवी गहजब होतो. इथे वसुली बुडाली त्याचे कारण साखर बुडाली हे होते. संशोधकांनी बाजारातली पेये तपासली तेव्हा पाच ग्रॅमची रेषा ओलांडणाऱ्या पेयांचे प्रमाण, कर नसता तर जे ४९ टक्के राहिले असते, ते फेब्रुवारी २०१९ मध्ये १५ टक्क्यांवर आलेले दिसले. ब्रिटिश घरांच्या खरेदीवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की लोक पेये तितकीच विकत घेत होते, लिटरमध्ये फरक पडला नाही. पण घरटी आठवड्याला साखर ३० ग्रॅमने घटली. देशातल्या पावणेतीन कोटींहून अधिक घरांनी गुणले तर वर्षाला सुमारे ४३ हजार टन. अर्थखात्याचे ४५ हजार टन आणि हे ४३ हजार टन, दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे दोन आकडे इतके जवळ पडावेत याचे मला अप्रूप वाटते.

२०२३ च्या एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधल्या लठ्ठपणात ८ टक्के घट दिसली, म्हणजे वर्षाला पाच हजारांहून अधिक मुली. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. तेव्हा या कराला रामबाण म्हणू नये. पण मेक्सिको आणि ब्रिटन शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. मेक्सिकोने लिटर मोजले, तिथे लिटर घटले. ब्रिटनने ग्रॅम मोजले, तिथे ग्रॅम घटले. कर ज्याचे माप घेतो तेच बदलते.

माप बरोबर असूनही हद्द चुकली तर काय होते हे अमेरिकेत दिसले. फिलाडेल्फियाने जानेवारी २०१७ पासून औंसाला दीड सेंट कर लावला, दोन लिटरच्या बाटलीमागे एक डॉलर. शहरातली विक्री ५१ टक्क्यांनी पडली, पण काही गिऱ्हाईक शहराच्या वेशीबाहेरच्या दुकानांत गेले, ते वजा केल्यावर खरी घट ३८ टक्के उरली. शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीत, पन्नास लाखांहून अधिक वस्तीत, असाच कर २ ऑगस्ट २०१७ रोजी सुरू झाला आणि चार महिन्यांत मागे घ्यावा लागला.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे, कारण तिथेही ऊस पिकतो आणि साखर कारखाने आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये अर्थमंत्री प्रवीण गोर्धन यांनी कर जाहीर केला. कारखाने आणि मळ्यांतल्या नोकऱ्या जातील अशी ओरड झाली, संसदेत सुनावण्या झाल्या. मूळ प्रस्ताव वीस टक्क्यांच्या आसपासचा होता, तो अकराच्या आसपास उतरला. एप्रिल २०१८ पासून १०० मिलीतले पहिले ४ ग्रॅम माफ आणि त्यापुढच्या प्रत्येक ग्रॅमला २.१ सेंट, असा दर लागला. ३३० मिलीच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असेल तर १३.२ ग्रॅम सोडून उरलेल्या २१.८ ग्रॅमवर सुमारे ४६ सेंट. ब्रिटनमध्ये पायऱ्या आहेत, इथे उतार आहे. एकेक ग्रॅम कमी केल्याचा फायदा लगेच मिळतो. करपात्र पेयांमधून माणशी रोज विकत घेतली जाणारी साखर जाहीर होण्याआधी १६.२५ ग्रॅम होती, लागू झाल्यानंतरच्या वर्षात १०.६३ झाली. साडेपाच कोटींहून अधिक लोकांच्या देशात दिवसाला तीनशे टनांवर साखर कमी.

जगभर आज शंभरहून अधिक देशांत या पेयांवर कुठला ना कुठला कर आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात या करांचा किमतीतला वाटा सरासरी ६.६ टक्के निघाला, आणि हे कर लावणारे निम्मे देश साध्या बाटलीबंद पाण्यावरही तोच कर लावताना आढळले. दुसऱ्या बाजूला, १८४ देशांच्या आकडेवारीवरून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की साखरेच्या पेयांमुळे वर्षाला २२ लाख नवे मधुमेही आणि १२ लाख नवे हृदयविकाराचे रुग्ण तयार होतात.

आता आपल्याकडे वळू. कागदावर भारताचा कर जगातल्या चढ्या करांपैकी आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा सोड्याच्या गोड पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही मिळून सरळ ४० टक्के झाला. मेक्सिकोच्या पहिल्या कराच्या चौपट. मग आपल्याकडे साखर का घटत नाही?

समजा, २०० मिलीची बाटली २० रुपयांना आहे. साखरेचा कोला असेल तर त्यात २१ ग्रॅम साखर आणि करापोटी ५ रुपये ७१ पैसे. शून्य साखरेचा कोला असेल तरीही ५ रुपये ७१ पैसे, कारण कायद्यात ‘साखर किंवा अन्य गोडी’ असे शब्द आहेत. फळाचा गर असलेले, बुडबुडे नसलेले पेय असेल, तर नव्या रचनेत त्याचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आहे. म्हणजे फक्त ९५ पैसे, मग त्यात साखर कोलाइतकी असो वा त्याहून जास्त. कुठल्याही आंब्याच्या पेयाची बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचा. आपला कर बुडबुडे पाहतो आणि किंमत पाहतो. साखर तो पाहत नाही. त्यामुळे साखर निम्मी करणाऱ्या कंपनीला एका पैशाचीही सवलत नाही, आणि कोलाची बाटली खाली ठेवून मुलाच्या हातात आंब्याचे पेय देणाऱ्या आईला वाटते की आपण बरे काही निवडले. तिची यात काही चूक नाही. भावाने तिला तेच सांगितले आहे.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक आहेत. दोन्ही मिळून मेक्सिकोच्या लोकसंख्येच्या दुपटीला थोडेच कमी. एवढ्या लोकांच्या देशात चाळीस टक्क्यांचे हत्यार हाताशी असावे आणि त्याचे तोंड भलतीकडे असावे, याचा मला राग येतो.

ग्रॅम मोजणे अशक्य नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेष्टनावर छापावीच लागते. दर ठरतो जीएसटी परिषदेत. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि मंजुरीसाठी तीन चतुर्थांश लागते. प्रत्येक राज्याचे मत सारखे, महाराष्ट्राचेही. उसाचे राज्य म्हणून आपला प्रतिनिधी तिथे कचरेल, हे दिसतेच आहे. पण आपल्याकडे दरवर्षी लाखो टन साखर इथेनॉलकडे वळते. शीतपेयांतून काही लाख टन कमी झाली म्हणून ऊस शेतात उभा राहील, हे मला पटत नाही.

दक्षिण आफ्रिकेची रीत धरून पहिले ४ ग्रॅम माफ आणि पुढच्या ग्रॅमला २५ पैसे असा दर लावून बघा. २०० मिलीच्या बाटलीला ८ ग्रॅम माफ. २१ ग्रॅमच्या कोलावर सव्वातीन रुपये. २६ ग्रॅमच्या आंब्याच्या पेयावर साडेचार रुपये. शून्य साखरेवर शून्य. आणि ज्या कंपनीने साखर १०० मिलीला ४ ग्रॅमवर आणली तिच्यावरही शून्य. त्यासाठी तिला ब्रिटनसारखी दोन वर्षांची मुदत आधी जाहीर करून द्यावी, आणि दर दरवर्षी महागाईबरोबर वाढेल हे त्याच अधिसूचनेत लिहावे.